पंप थांबल्यावरचा धक्का : पुण्यातल्या एका सोसायटीच्या डिलिव्हरी लाइनचे प्रकरण

पार्श्वभूमी

सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातली ही सोसायटी. खाली पार्किंग, वर सात मजले, अठ्ठावीस फ्लॅट. इमारत वीस वर्षांपूर्वीची. मी इथेच राहतो. आयुष्यभर कारखान्यात यंत्रांची देखभाल केली, निवृत्त झाल्यावर मॅनेजिंग कमिटीत आलो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. आकडे मात्र आम्ही घेतलेल्या नोंदींमधलेच आहेत.

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांसारखीच पाण्याची व्यवस्था. महापालिकेचे पाणी पहाटे खालच्या टाकीत पडते, कमी पडले तर बोअरचे येते, उन्हाळ्यात टँकर. तिथून पंप ते गच्चीवरच्या वीस हजार लिटरच्या टाकीत चढवतो. मधली डिलिव्हरी लाइन दोन इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची आहे. पंपरूममध्ये चार मीटर आडवी, डक्टमधून वर गच्चीपर्यंत उभी, गच्चीवर चौदा मीटर आडवी, शेवटी टाकीच्या तोंडापर्यंत पुन्हा उभी. उभी चढण सगळी मिळून २७ मीटर आणि एकूण लांबी ४५ मीटर. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर उभा आहे.

इमारतीबरोबर आलेला पंप ३ एचपीचा होता आणि रिकामी टाकी भरायला त्याला दोन तास लागायचे. सकाळी आठच्या सुमारास वरच्या मजल्यांचे नळ बारीक होतात अशी तक्रार वाढली, तेव्हा फेब्रुवारीत ५ एचपीचा नवा मोनोब्लॉक बसवला. टाकी सव्वा तासात भरू लागली. सगळे खूश झाले. मीही त्या ठरावाला हात वर केला होता.

अडचण

एप्रिलमध्ये डक्टच्या तळाशी, जिथे आडवी लाइन उभी होते, तिथला एल्बो (काटकोनी जोड) गळू लागला. मिस्त्रींनी बदलला. जूनमध्ये तोच सांधा पुन्हा गळला. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा गेला, तोही रात्री. पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचले, दोन गाड्यांच्या सीट भिजल्या आणि सकाळी अठ्ठावीस घरांत थेंब नाही.

दुसरी तक्रार आवाजाची. पंप बंद झाला की भिंतीवर घणाचा घाव बसावा तसा ‘धाड’ आवाज यायचा. डक्टला लागून असलेल्या पहिल्या मजल्यावरच्या घरात तान्हे बाळ होते, ते दचकून उठायचे. त्याच भिंतीच्या गिलाव्यात उभी चीर दिसू लागली होती. तिसरी तक्रार सातव्या मजल्यावरच्या आजींची. त्यांच्या डोक्यावर, गच्चीत, पंप थांबल्यावर काहीतरी ‘टक्’ वाजते. टाकीचे झाकण वाऱ्याने हलत असेल म्हणून ती आम्ही सोडून दिली. ती का सोडायला नको होती ते पुढे येईल.

तिसऱ्या गळतीनंतरच्या बैठकीत सूर एकच होता : मिस्त्रींचे काम कच्चे आहे, माणूस बदला. मिस्त्री तिथेच उभे होते. म्हणाले, “साहेब, मी वीस वर्षं आटे मारतोय. सुतळी-सफेदा लावूनच सांधा भरलाय. पाना लावून बघा, एक दातसुद्धा फिरणार नाही.”

मी म्हटले, “मिस्त्री, तुटलेला एल्बो टाकलात कुठे?”

तो भंगारात पडला होता. मी घरी आणला आणि हॅक्सॉने उभा कापला. एल्बोच्या आत पाइपचा जो तुकडा अडकून राहिला होता, त्याचा सांधा सुतळीसकट घट्टच होता. पाइप तुटला होता तो शेवटच्या आट्याच्या खाचेत. दोन इंची मध्यम जाडीच्या पाइपची भिंत साधारण साडेतीन मिलिमीटरची असते. आटे पाडताना त्यातली जवळपास दीड मिलिमीटर कापली जाते, म्हणून पाइपची सर्वांत नाजूक जागा नेहमी तीच. तुटलेल्या कडेचा बाहेरचा भाग गंजून काळपट झाला होता, आतली पट्टी ताजी आणि चकचकीत होती, आणि दोन्हींच्या मध्ये शिंपल्यावर असतात तशा बारीक वळणदार रेषा. कारखान्यात अशा रेषा मी तुटलेल्या शाफ्टवर पाहिल्या आहेत. वस्तू एका दणक्यात तुटली तर त्या उमटत नाहीत. पुन्हा पुन्हा वाकवून थकलेल्या धातूवरच त्या दिसतात.

म्हणजे सांधा सैल नव्हता. त्याला रोज कोणीतरी मारत होते.

मोजमाप

निदानाला वेळ द्यायचा की आधी दुरुस्ती करायची, यावर कमिटीत वाद झाला. लोकांना पाणी हवे होते. मिस्त्रींनी चौथा एल्बो बसवून दिला आणि आम्ही दोन आठवडे मागून घेतले. या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय तोच होता असे मला वाटते.

साहित्य किरकोळ होते. ० ते १६ किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला इतके किलो दाब दाखवणारा) प्रेशर गेज, पण जास्तीत जास्त दाब धरून ठेवणाऱ्या दुसऱ्या काट्याचा. तो एनआरव्हीच्या, म्हणजे पाणी मागे येऊ न देणाऱ्या झडपेच्या पुढे बसवला. डक्टच्या भिंतीवर पाइपच्या कडेने खडूची रेघ. आणि स्टार्टरचा दिवा व गेज एकाच चौकटीत येतील असा मोबाइल, सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या स्लो मोशनवर.

पंप चालू असताना काटा ३.७ किलोवर स्थिर. पंप बंद करून शांत झाल्यावर २.७, म्हणजे २७ मीटर उंच पाण्याचे वजन. पण बंद करतानाच्या क्षणी मागे राहिलेला काटा १० किलोच्या पुढे गेलेला दिसला. साध्या गेजचा काटा जड असतो, तो मागेच पडतो. खरा दाब त्याहून थोडा जास्तच असणार.

व्हिडिओ घरी बसून चित्रागणिक मोजला. दिवा विझल्यापासून काटा उसळेपर्यंत ११० चित्रे, म्हणजे अर्ध्या सेकंदाला थोडे कमी. धक्का पंप थांबताना बसत नव्हता. तो थांबल्यावर बसत होता. इथे माझ्या डोक्यातली गाठ सुटली.

त्या लाइनमध्ये साधारण १०० किलो पाणी असते. पन्नास किलोची सिमेंटची दोन पोती झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, सेकंदाला दोन मीटर, पुढे चालली आहेत अशी कल्पना करा. पंप थांबला तरी पाणी लगेच थांबत नाही. गतीच्या भरात ते पुढे जात राहते, पण वरून २७ मीटरचे वजन त्याला मागे ओढत असते. आमच्या लांबीत आणि उंचीत ते सुमारे तीन दशांश सेकंदात थांबते. पंपाचा फिरता भाग त्याला किंचित जास्त वेळ देतो. मग पाणी उलटे फिरते, आणि दर सेकंदाला जवळपास सहा मीटर प्रतिसेकंद या दराने वेग घेते. याच क्षणी एनआरव्हीची झडप मिटलेली असायला हवी. ती दशांश सेकंद जरी उशिरा मिटली, तरी तोवर पाणी सेकंदाला अर्धा-पाऊण मीटर वेगाने मागे येत असते आणि बंद होणाऱ्या दारावर जाऊन आदळते.

अशा आदळण्याने दाब किती वाढतो याचा नियम रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या पाण्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ मध्ये मांडला : पाण्याची घनता, पाइपमधून धावणाऱ्या दाबलाटेचा वेग आणि अचानक अडवलेला वेग, या तिघांचा गुणाकार. लोखंडी पाइपमध्ये ही लाट सेकंदाला सुमारे १३०० मीटर धावते. म्हणजे अडवलेल्या दर एक मीटर प्रतिसेकंद वेगामागे १३ किलो दाब. अर्ध्याहून थोड्या जास्त वेगाचे सात-साडेसात किलो होतात, त्यात मुळातले २.७ मिळवले की गेजवरचे दहा भरतात. हिशेब आणि काटा जुळले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी सेक्रेटरींना तेव्हाच फोन केला.

आता एल्बोकडे पाहू. दोन इंची पाइपच्या आतल्या २२ चौरस सेंटिमीटर तोंडावर दहा किलो दाब आला की काटकोनातल्या एल्बोला बाहेर ढकलणारे बळ ३०० किलोच्या वर जाते. तो एल्बो दोन दगडांवर नुसता ठेवलेला होता. डक्टमधले पहिल्या तीन मजल्यांचे क्लॅम्प गंजून गळून पडले होते. प्रत्येक धक्क्याला पाइप खडूच्या रेघेपासून सहा-सात मिलिमीटर सरकायचा आणि परत यायचा. दिवसातून चार-पाच वेळा, शिवाय दर वेळी वीज गेली की.

जुना पंप हे का करत नव्हता? एनआरव्ही उघडल्यावर कळले. नवा पंप बसवताना जागा पुरेना म्हणून एनआरव्ही आडव्या लाइनवरून काढून पंपाच्या तोंडावरच्या उभ्या तुकड्यात घातला होता. बिजागरीची साधी झडप. उभ्या पाइपात जोराच्या प्रवाहाने ती पूर्ण उघडली की जवळजवळ उभीच राहते, तिला खाली पाडायला स्वतःचे वजन फारसे कामी येत नाही. मग उलटे आलेले पाणीच तिला ढकलून बंद करते, आणि तोच तर उशीर. जुन्या पंपाचा प्रवाह कमी होता, झडप आडव्या लाइनवर अर्धीच उघडायची आणि लवकर मिटायची. शिवाय बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बिजागरीच्या पिनेवर चढला होता. झडप बोटाने सोडून पाहिली तर मध्येच अडखळत होती, आणि ती जिथे टेकते त्या पितळी कड्यावर एका बाजूला चंद्रकोरीसारखा ठोकरलेला डाग होता.

पर्याय

पहिला, जुना ३ एचपी पंप पुन्हा जोडायचा. तो पंपरूममध्ये पडूनच होता, खर्च जवळपास शून्य. पण झडप आणि क्लॅम्प तसेच राहिले असते, आणि सकाळची तक्रार परत आली असती.

दुसरा, सगळी लाइन प्लॅस्टिकची करायची. एका ठेकेदाराने यासाठीच आग्रह धरला होता. यात तथ्य आहे : प्लॅस्टिकच्या पाइपची भिंत लवचीक, तिच्यात दाबलाट लोखंडातल्यापेक्षा तिपटीने हळू धावते, म्हणून धक्काही त्याच प्रमाणात उतरतो. पण गच्चीवरच्या चौदा मीटरवर पुण्याचे एप्रिल-मेचे ऊन पडणार, शिवाय धक्का उरणारच आणि प्लॅस्टिकही थकते. खर्चही सर्वांत मोठा. मारणारा तसाच ठेवून मार खाणारा तेवढा बदलायचा, हे मला पटले नाही.

तिसरा, व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे विजेचे उपकरण बसवून पंप हळूहळू थांबवायचा. कागदावर हा सर्वांत देखणा उपाय होता आणि कमिटीतल्या दोन तरुण इंजिनिअरांचा कल तिकडेच होता. मी एकच प्रश्न विचारला : वीज गेली तर? वीज जाते तेव्हा व्हीएफडीही मरतो, पंप झटक्यात थांबतो आणि धक्का पूर्वीइतकाच बसतो. आमच्या भागात पावसाळ्यात वीज दिवसातून दोनदा जाते. रोजचे धक्के टळले असते आणि वाईट दिवसाचे राहिले असते.

चौथा, लाइनवर हवेचे भांडे. मिस्त्रींनी पूर्वी एका ठिकाणी दोन फुटी पाइपचा तुकडा टोपण लावून उभा केला होता. असा तुकडा सुरुवातीला काम करतो, पण आतली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि काही आठवड्यांत तो पाण्याने भरतो. रबरी पडद्याचे भांडे टिकते, मात्र त्यातली हवा वरचेवर तपासावी लागते. हे काम सोसायटीत कोण नेमाने करणार?

पाचवा, स्प्रिंगची एनआरव्ही. तिची चकती प्रवाहाच्या रेषेतच थोडीशी सरकते आणि पाणी मंदावू लागले की स्प्रिंग तिला मिटवते, पाणी उलटे फिरण्याआधीच. उलट वेगच तयार झाला नाही तर अडवायला काही उरत नाही. वीज असो नसो. आम्ही हा पर्याय घेतला, आणि त्याच्या जोडीला आधाराचे काम.

काय केले

दिवाळीआधीच्या दोन रविवारी काम झाले. स्प्रिंगची एनआरव्ही पुन्हा आडव्या लाइनवर, दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड) लावून, म्हणजे उघडायला पाइप कापावा लागणार नाही. एल्बोखाली काँक्रीटचा ठोकळा, जमिनीत सळ्या पुरून आणि एल्बोच्या पाठीला टेकवून.

डक्टमधल्या कामाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. मिस्त्रींचा हेल्पर क्लॅम्प घेऊन पाइप जिथे होता तिथेच आवळू लागला होता. मिस्त्रींनी त्याला थांबवले आणि गच्चीवरून ओळंबा सोडला. पाइप चौथ्या मजल्यावर ओळंब्यापासून दोन बोटे बाहेर गेला होता. तसाच आवळला असता तर तो ताण कायमचा खालच्या आट्यांवर बसला असता. त्यांनी सगळे युनियन सैल केले, पाइप ओळंब्यात आणला, दर मजल्याला रबर घालून क्लॅम्प लावले आणि मग वरून खाली एकेक आवळत आले. पूर्ण दिवस गेला. ज्यांच्यावर आम्ही कच्च्या कामाचा ठपका ठेवला होता, त्यांनीच हे न सांगता केले. पुढच्या बैठकीत मी त्यांची सर्वांसमोर माफी मागितली आणि तशी नोंद इतिवृत्तात घालायला लावली.

पहिल्या चाचणीत काटा १० वरून साडेपाचवर आला. ‘धाड’ गेला. खालचे बाळ झोपून राहिले. आम्ही पेढे वाटले.

चार दिवसांनी आजी जिन्यात भेटल्या. “अरे बाबा, तुमचं खालचं झालं असेल. माझं टक् आहे तसंच आहे.”

या वेळी मी गच्चीवर जाऊन बसलो आणि खालून पंप बंद करायला सांगितले. झाकण जागचे हलले नव्हते. आवाज पाइपमधूनच आला, डक्टमधून लाइन आडवी होते त्या कोपऱ्यातून.

उभ्या लाइनमधले पाणी गुरुत्वाने झटकन थांबते. गच्चीवरचे चौदा मीटर आडवे पाणी मात्र भरात पुढेच जाऊ पाहते आणि कोपऱ्यावर मागचे पाणी ओढते. ही ओढ आमच्या हिशेबात नऊ-दहा मीटर पाण्याइतकी निघाली. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, इथली हवा पाण्याचा स्तंभ जेमतेम ९.७ मीटर तोलून धरते. ओढ त्या हद्दीला पोचली की पाणी तुटते, मध्ये वाफेची पोकळी होते, आणि दोन्ही तुकडे परत येऊन एकमेकांवर आपटतात. आजींना हेच महिनोन्‌महिने ऐकू येत होते.

उपाय पुण्याला अनोळखी नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणले, त्या नळावर जागोजागी उच्छ्वास बांधले होते. कोंडलेल्या हवेला वाट मिळावी हा त्यांचा एक हेतू. ते पाणी उतारावर आपसूक वाहणारे, आमचे पंपाने चढवलेले, पण हवेला ये-जा करायला दार हवे ही गरज दोन्हीकडे सारखीच. आम्ही डिसेंबरमध्ये त्या कोपऱ्यावर हवा आत घेणारा आणि बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह बसवला. पाइपमधला दाब उतरला की तो हवा आत घेतो, पोकळी होत नाही. पंप पुन्हा चालू झाला की अर्धा मिनिट फुसफुसतो आणि मिटतो.

निष्पत्ती

आता पंप थांबताना काटा ४ च्या आत राहतो. गेल्या सव्वा वर्षात डिलिव्हरी लाइनचा एकही सांधा गळलेला नाही. गिलाव्याची चीर भरून रंगवली, ती पुन्हा उघडलेली नाही. खडूची रेघ अजून आहे आणि पाइप तिला सोडत नाही. सगळा खर्च प्लॅस्टिक लाइनच्या कोटेशनच्या पाचव्या हिश्श्याहून कमी आला.

एक गोष्ट सुटलेली नाही. पाण्याचा वेग दीडपटीहून थोडा जास्त झाल्याने घर्षणात वाया जाणारा दाब अडीचपट झाला आहे, तो विजेच्या बिलात दर महिन्याला दिसतो. दोन इंचीऐवजी अडीच इंची लाइन टाकली तर तो उतरेल, पण त्यासाठी सध्या पैसे नाहीत.

आज पुन्हा करायचे झाले तर

सर्वांत आधी ५ एचपीच्या ठरावापाशी थांबेन. सकाळी आठला टाकी का संपते हे आम्ही कोणी पाहिलेच नव्हते. नंतर वॉचमनकाकांना विचारले तेव्हा कळले की ते पंप सहाला चालू करायचे, कारण आधीच्या एका कमिटीने पहाटे आवाज नको म्हणून तसे सांगितले होते. साडेचारला सुरू केला असता तर जुन्या पंपाने सहा-साडेसहाला टाकी भरून दिली असती. पंप मोठा करताना एनआरव्हीची जागा बदलतेय हेही त्या दिवशी पंपरूममध्ये कोणी पाहिले नाही, मीसुद्धा नाही.

दुसरे, पहिला एल्बो फेकू देणार नाही. शेवटच्या आट्याची ती कड एप्रिलमध्येच पाहिली असती तर पार्किंगमध्ये पाणी साचले नसते.

तिसरे, तक्रारींची यादी करताना आवाज कुठून येतो आणि पंप थांबल्यावर किती वेळाने, हे शेजारी लिहून घेईन. पहिल्या मजल्यावरचा ‘धाड’ आणि सातव्यावरचा ‘टक्’ एकाच कागदावर असते तर एअर व्हॉल्व्ह पहिल्याच फेरीत बसला असता.

व्हीएफडी नाकारल्याबद्दल मला खंत नाही, पण त्या दोघा तरुणांशी त्या बैठकीत मी जरा तोडून बोललो. आता गेजची नोंदवही तेच सांभाळतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पंप बंद करून मागे राहिलेला काटा लिहितात. मार्चमध्ये तो ४.६ दिसला, तेव्हा युनियन सोडून एनआरव्ही उघडली. स्प्रिंगवर क्षाराचा पातळ थर होता. लिंबाच्या रसात रात्रभर ठेवून सकाळी ब्रशने काढला, परत बसवली, आणि काटा ३.८ वर आला.